युक्तिवाद कमजोर करा

लॉच्या प्रवेशपरीक्षेचं पुस्तक हेमांगीनं मिटलं आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, यात समोरच्याचा युक्तिवाद कमजोर करायचा असतो. तुम्ही कुठलाही द्या. मी तोडला, तर बेंगळुरूच्या फॉर्मवर सही करायची."

दिग्विजयसिंहांनी शड्डू ठोकावा तशी मांडी थोपटली. "घे. आपल्या घराण्यात घर सोडून लांब जायची रीतच नाही. आठ पिढ्या इथंच आहोत, ग्वाल्हेरात, शिंदे की छावनीत. म्हणून तूही इथंच शिकायचं. तोड आता!"

"जेजुरीची तिकिटं काढलीत?"

"कधीच काढली. तू विषय बदलू नको."

"किती वेळ लागतो हो पोचायला?"

"एक पूर्ण दिवस अन् एक रात्र. पण कुलदैवत आहे आपलं, जावंच लागतं."

"मग घर सोडून इतक्या लांब कोण गेलं, बाबा? आपण की खंडोबा?"

आतून आई म्हणाली, "सांगा ना."

"असले सवाल परीक्षेत येत नाहीत," असं पुटपुटत बाबा पेन शोधू लागले.