दोनशे केबीच्या आत

"अजून थोडा कमी कर गं," खुर्चीमागून आई म्हणाली.

"झालाय की दोनशे केबीच्या आत! विवाहमंडळाला तेवढाच हवाय." हेमांगी वैतागली. फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून, घरच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरशी झटापट करून तिने फोटो कसाबसा बसवला होता.

आईने माउस हिसकावून क्वालिटीची पट्टी आणखी मागे ओढली. चेहरा धुरकट झाला, साडीचे काठ फिसकटले आणि हनुवटीवरचा पांढरा डाग गालाच्या रंगात मिसळून गेला. "हां, आता कशी छान दिसतेस!"

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुला फोटो नाही, माझं कोड कमी करायचंय?"

"अगं, आधी बघायला तर येऊ देत. मग सांगू."

"मग कशाला? आत्ताच बघू देत की!" तिने मूळ फोटो उघडला आणि कापायला घेतला. मामीकडून मागून आणलेला हार कापला, पैठणी कापली, मागची बाग कापली. उरला नुसता चेहरा, डागासकट, लख्ख.

"हाही दोनशेच्या आतच बसतोय," ती म्हणाली आणि फोटो पाठवून मोकळी झाली.