आजोबांचं नाव

पडदा लालभडक झाला होता आणि कॉम्प्युटर भोंग्यासारखा बोंबलत होता. वेणीमाधवशास्त्र्यांनी पडद्यावरचा नंबर फिरवून फोन स्पीकरवर टाकलाही होता. पद्मजाबाई लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"सर, मी सुरक्षा केंद्रातून बोलतोय," फोनमधला आवाज गोड होता. "तुमच्या मशीनमध्ये एकशे सेहेचाळीस व्हायरस आहेत. मी सांगतो ते बटण दाबा, मी इथूनच आत येऊन साफ करतो. फक्त मशीन बंद करू नका. बंद केलंत की सगळं पुसलं जाईल."

"अहो, काय करून बसलात?"

"फुकट होतं गं," शास्त्रीबुवा पुटपुटले. "'संपूर्ण संरक्षण' असं लिहिलं होतं. तुझं अँटिव्हायरस निवडणं काही संपेना, म्हटलं आपणच टाकावं."

निवडणं आठ दिवस चाललं होतं, हे खरं. पद्मजाबाई नव्या पेठेत चन्नवीरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दोनदा जाऊन आल्या होत्या आणि प्रश्न विचारून विचारून त्यांनी त्याला भंडावून सोडलं होतं. आमच्या जुन्या मशीनला झेपेल का? लोक पेनड्राइव्हवर पत्रिका घेऊन येतात, तो आधी तपासेल का? फायलींना कुणी कुलूप घालायला आलं तर अडवेल का? चिठ्ठीवर तीन नावं होती, त्यातली दोन खोडून झाली होती. शास्त्रीबुवांना हा सगळा प्रकार साडी घेण्यासारखा वाटत होता.

पण मशीनमध्ये काय होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. दुधनीपासून सांगोल्यापर्यंतच्या चारशे बारा यजमानांची घरं. प्रत्येक घराचं गोत्र, बापाच्या आणि आईच्या बाजूच्या तीन-तीन पिढ्यांची नावं आणि गेलेल्यांच्या तिथी. सासऱ्यांच्या अकरा वह्यांतून पद्मजाबाईंनी ते सहा वर्षं बसून उतरवलं होतं. शेवटचं पान झालं त्या दिवशी शास्त्रीबुवांनी वह्यांना हळदकुंकू वाहिलं, लाल फडक्यात बांधल्या आणि भीमेत सोडल्या. पितरांची नावं रद्दीत कशी घालायची? दुसरी प्रत काढून ठेवावी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि आता पितृपंधरवडा नऊ दिवसांवर आला होता.

"सर, वेळ जातोय. बटण दाबा," आवाज म्हणाला.

शास्त्रीबुवांचा हात माउसकडे गेला. पद्मजाबाईंनी त्यावर लाटणं आडवं ठेवलं.

"बाळ, तुझं नाव काय?"

"मॅडम, घरात मोठं कुणी असेल तर त्यांना द्या."

"मीच मोठी. नाव सांग की."

"अवधूत."

"वडिलांचं?"

"त्याचा काय संबंध, मॅडम?"

"आमच्या ह्या मशीनमध्ये तीन पिढ्या सांगितल्याशिवाय कुणी आत आलेलं नाही. चारशे बारा घरं आहेत आत, एकही बिननावाचं नाही. तुला यायचंय ना? मग सांग. वडिलांचं?"

"...रावजी."

"आजोबांचं?"

फोनमध्ये मागून आणखी दहा-बारा माणसं बोलत असल्याचा कल्ला ऐकू येत होता. सगळीकडे तेच चाललं होतं, बटण दाबा, बटण दाबा.

"आजोबांचं... लक्षात नाही," आवाज म्हणाला. त्यातली साखर आता उतरली होती. "मॅडम, बंद केलंत तर सगळं जाईल, सांगून ठेवतोय. मग रडत बसाल."

पद्मजाबाईंना राग आला. भीती होतीच, पण राग तिच्या वर चढला. स्वतःच्या आजोबाचं नाव माहीत नाही आणि हा चारशे घरांच्या पूर्वजांवर हात टाकायला निघालाय! त्या वाकल्या, त्यांनी भिंतीतली पिन उपटली आणि फोनही कापला.

भोंगा बंद झाला. पडदा काळा झाला. शास्त्रीबुवा मटकन खुर्चीत बसले.

"गेलं की गं सगळं."

"काय माहीत. चन्नवीर म्हणाला होता, असं लाल काही दिसलं तर आधी वायर ओढा आणि डबा उचलून माझ्याकडे आणा. चला, उठा. गॅस बंद करून आले."

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. पद्मजाबाईंनी कॉम्प्युटरचा डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. वाटेत त्यांनी रिक्षा थांबवली आणि दोनशे पानी वही घेतली.

"ही कशाला आता?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"लिहा."

"काय लिहू? सगळं त्या डब्यात."

"सहा वर्षं कुणाची बोटं चालली त्यावर? लिहा. दुधनीचे जोशी, काश्यप गोत्र. गोविंद, नरहर, केशव. त्यांच्या बायका सुंदराबाई, गोदूबाई, यमुनाबाई. तिथी पंचमी. झालं? होटगीचे कुलकर्णी, भारद्वाज..."

रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती, अक्षर वाकडंतिकडं होत होतं. एकविसाव्या घरापाशी त्या जरा अडखळल्या, पणजीचं नाव येईना. डोळे मिटून बसल्या. मग आलं. शास्त्रीबुवा बायकोकडे बघत राहिले, लिहायचं विसरले.

"लिहा की. बघताय काय?"

तेवढ्यात शास्त्रीबुवांच्या खिशातला फोन वाजला. तोच नंबर. शास्त्रीबुवांनी तो कापायला बोट पुढे केलं, पण पद्मजाबाईंनी एका हातानं डबा धरून दुसऱ्या हातानं फोन घेतला आणि कानाला लावला.

"हं अवधूत," त्या म्हणाल्या. "आठवलं का आजोबांचं नाव?"