चार पावलं मागे

“फार जवळ जाऊ नका. त्याच्या लक्षात येईल,” म्हणत आजींनी आजोबांची बाही मागे ओढली.

पुढे कमानीखाली गाईड उभा होता आणि त्याच्याभोवती प्रवाशांचा घोळका. स्वतःचा गाईड करणं आजींना परवडणारं नव्हतं. खोली चौथ्या मजल्यावरची घेतली होती, कारण ती स्वस्त. शिदोरी घरची. जन्मभर शिलाई मशीनवर मान मोडून जमवलेला पैसा कुणाच्या बडबडीवर उधळायचा नाही, असं त्यांनी गाडीतच बजावलं होतं.

पण आजींची नजर झपाट्यानं अधू होत चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, जे बघायचं ते यंदाच बघून घ्या. लहानपणापासून मनात धरलेलं हे शहर आता समोर होतं, आणि सगळं धूसर. त्यात आजोबा म्हणजे मुलखाचे घुमे. कमान कशी आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, “मोठी आहे.”

म्हणून आजींची ही युक्ती. चार पावलं मागे राहायचं आणि कान द्यायचा.

खरं तर निघायलाच उशीर झाला होता. सकाळी आजोबा गरम पाणी आणायला म्हणून गेले ते बऱ्याच वेळानं उगवले. तरी गाईडनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

“नशीब बघा आपलं,” आजी म्हणाल्या.

“हं,” आजोबा म्हणाले.

गाईडचा आवाज खणखणीत होता. “वर दगडी पक्ष्यांची रांग आहे. सगळे पंख मिटून बसलेत. शेवटचा तेवढा उडायच्या बेतात आहे.”

आजींना तो पक्षी दिसला. अगदी स्पष्ट दिसला.

“देवळाच्या या पायऱ्या मधोमध झिजल्यात. शेकडो वर्षं माणसं इथूनच चढत आली.”

आजींनी चप्पल काढून त्या खळग्यात पाऊल ठेवलं. आपला पाय किती जणांच्या पायांवर पडला, या विचारानं त्यांना पुढचं पाऊल उचलवेना. मग गुडघे दुखले म्हणून त्या बसल्या, तर गाईडही थांबला.

“घोळक्यात कुणीतरी आपल्यासारखं गुडघ्याचं दिसतंय,” त्या कुजबुजल्या.

“असेल,” आजोबा म्हणाले.

देवळात शिरल्यावर घोळक्यातले आवाज आपोआप दबले. आजींनी मान वर केली. “छत कोणत्या रंगाचं आहे हो?”

आजोबा खाकरले.

“छत निळं आहे,” गाईड म्हणाला. “पहाटेचं निळं. चांदण्या अजून मावळल्या नाहीत, तेव्हाचं.”

किती निळी कापडं आजवर हाताखालून गेली होती. हे निळं त्यांतलं नव्हतं. आजी तशाच वर बघत राहिल्या. गुडघे, डोळे, चौथा मजला, काही आठवेना. गालांवरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलंही नाही.

मग मन खायला लागलं. एवढं घेतलं आणि तेही चोरून, अशा जागी. त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला आणि तडक गाईडसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“बाळा, आम्ही दोघं सकाळपासून तुझं फुकट ऐकतोय. हे घे.”

गाईडनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा छत निरखत होते.

“सांगू नको म्हणाले होते,” गाईड म्हणाला. “आजी, माझे पैसे आजोबांनी सकाळीच दिलेत. मोठ्यानं बोल म्हणाले, आणि ती बसली की थांब.”

आजींनी घोळक्याकडे हात केला. “मग ही मंडळी?”

गाईडनं दिवसभरात पहिल्यांदाच आवाज खाली आणला.

“ती होय? ती सकाळपासून फुकट ऐकतायत.”