प्रवाळाची राखण

लेकानं हौसेनं घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी थाटली आणि तीत जिवंत प्रवाळ आणून बसवलं. दोन दिवस झाले तरी ते धड उमलेना. त्यानं पाणी तपासलं, दिवा बदलला, त्याची जेवणावरची वासनाच उडाली. "हे मेलं तर टाकीच मोडीत काढतो," म्हणाला.

आई फणकारली, "चार पोरं वाढवली मी. एवढासा जीव मला जड आहे होय? तू जा कामाला, मी राखते."

पण आठवड्याभरात प्रवाळ मुठीसारखं मिटून बसलं. शेवटी टाकीवाल्याला घरी बोलावलं. त्यानं चष्मा काचेला टेकवून बारकाईनं पाहिलं.

"पाणी झकास, उजेड झकास. नव्या जागेत दोन-चार दिवस ही रुसतातच, पण याला कोणीतरी छळतंय. एखादा मासा तोंड मारत असेल. दिवसा लक्ष कोण ठेवतं?"

आई पदर सावरून ताठ मानेनं पुढे आली.


"मी ठेवते. एक मासा जवळ फिरकू दिला नाही. दर अर्ध्या तासाला विणायची सुई घालून मीच टोचून बघते, जिवंत आहे ना म्हणून."