मागच्या अंगणातलं घर

"बाई, जागा माझी, लाकूड माझं, आई माझी. यात कौन्सिल आलं कुठून?" पेसामिनो हातोडा खाली न ठेवताच बोलत होता.

कौन्सिलची तपासनीस अगदी पोरगेली होती. तिने टेपचं एक टोक कुंपणाला लावलं, दुसरं नव्या भिंतीला, आणि मान हलवली.

"घर छान झालंय हो. पण मागच्या अंगणात दुसरं घर बांधायचं तर कुंपणापासून दोन मीटर सोडावे लागतात. तुम्ही दीडच सोडलेत. भिंत मागे घ्या, नाहीतर रीतसर परवानगी काढा. तोवर काम बंद."

"तक्रार कुणी केली?"

"ते मला सांगता येत नाही. फोन आला होता."

भिंत मागे घ्या म्हणे! खाली काँक्रीट ओतलेलं, वर पत्रे ठोकलेले. भिंत काय कपाट आहे, ढकललं की सरकायला? आणि अर्धा मीटर त्याने चोरला नव्हता. दुसऱ्या बाजूला आईचा अळूचा वाफा होता. सामोआ सोडून ऑकलंडला आल्यावर इथल्या थंड मातीत तिने तो हट्टाने जगवला होता. त्यावर घाव घालायला पेसामिनोचा हात धजेना, म्हणून त्याने अख्खं घर कुंपणाकडे सरकवलं. नियम करणाऱ्यांना अळू कळतो थोडाच.

गोदामातली पाळी संपवून, दर शनिवारी, पाठ मोडेपर्यंत त्याने हे घर उभं केलं होतं. थोरल्या मुलाचं लग्न झालं होतं. त्या दोघांना पुढची, रस्त्याकडची आईची खोली द्यायची आणि नाताळच्या आत आईला इकडे आणायचं, असं ठरलं होतं. तिचं स्वतःचं न्हाणीघर, स्वतःची शेगडी. अडखळू नये म्हणून दाराला उंबरासुद्धा ठेवला नव्हता. फरशी कुठली घालू असं विचारलं, की ती म्हणायची, "तुला आवडेल ती घाल."

आता सगळं मातीत जायची वेळ आली होती. आणि आई काय करत होती? त्या तपासनीस पोरीला खुर्ची देऊन, चहा देऊन, लोणी लावलेली बिस्किटं खाऊ घालत होती. ते बघून तर पेसामिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी दारावर नोटीस चिकटवून, आईचे आभार मानून निघून गेली. तसा तो तडक कुंपणाशी गेला.

"ट्रेव्हर! ये बाहेर! तोंड दाखव!"

शेजारचा म्हातारा झाडं कापायची कात्री हातात घेऊनच आला. "काय झालं रे?"

"काय झालं? फोन करताना लाज नाही वाटली? कुत्र्याचं घर बांधलं तेव्हा कुणी टेप घेऊन आलं नाही. आईचं बांधायला घेतलं की बरे धावत आले!"

"कसला फोन? अरे, काँक्रीट कालवायचं मशीन माझंच नेलंस ना तू?"

"हो, मशीन द्यायचं आणि पाठ वळली की चुगली करायची! तुमची रीतच ती. स्वतःच्या आयांना वृद्धाश्रमात टाकता, म्हणून माझी आई डोळ्यांत खुपते तुमच्या!"

ट्रेव्हरचा चेहरा पांढरा पडला. "तुमच्या त्या उमूचा, दगडांच्या चुलीचा, धूर दर रविवारी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येतो," तो हळूच म्हणाला. "कधी एका शब्दाने बोललोय तुला?"

"पेसा, पुरे."

त्याची आई, फुआतिनो, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हातारी फारशी बोलत नसे. बोलली की घरातली मोठी माणसंही खाली बसत.

"त्या बिचाऱ्याची माफी माग. फोन मी केला."

हातोडा पेसामिनोच्या हातातून सुटला. "तू? आई, तुझ्यासाठीच राबतोय ना मी! वेड लागलंय का तुला?"

"मला विचारलंस कधी?"

"फरशी विचारली, रंग विचारला, शेगडी..."

"फरशी विचारलीस. जागा विचारलीस का?" तिचा आवाज आता थरथरत होता, पण रडण्याने नव्हे. "रस्त्याने जाणारा एकेक माणूस माझ्या खिडकीशी थांबतो, फुआतिनो म्हणून हाक मारतो, मगच पुढे जातो. ती खिडकी तू पोरांना देऊन टाकलीस. या देशात येऊन एवढंही विसरलास? गावाकडे आपल्या घरात पुढच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून कोण बसायचं?"

"आजोबा," तो पुटपुटला. "आजी."

"आणि मागे?"

पेसामिनोने वळून पाहिलं. उमूचे काळे पडलेले दगड, कुत्र्याचं घर, आणि त्याला लागून आईचं नवंकोरं घर. मागे कोण असायचं ते तो विसरला नव्हता. मागे चूल असायची, आणि डुकरं.