ॲडमिनिस्ट्रेटर

कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि गेल्या वर्षी रिटायर झालेला ह्यांच्यातला साहेब पुन्हा जागा झाला.

दुकानातून आलेल्या माणसाने विचारलं, "सर, विंडोज कौनसा डालूँ? होम या प्रोफेशनल?"

"होम?" त्याने जणू ह्यांना पोळ्याच लाटायला सांगितल्या होत्या. "प्रोफेशनल डालो. ॲडमिनिस्ट्रेटर मैं. पासवर्ड सिर्फ मेरा."

"और मॅडम का अकाउंट?"

माझ्याकडे ढुंकूनही न बघता हे म्हणाले, "इनको गेस्ट बना दो. देखने दो, कुछ बदलने मत दो."

तेवढ्यात बेल वाजली. कोणत्या क्वार्टरमध्ये कोण राहतं ते तपासत टाउनशिप ऑफिसचा बाबू दारात उभा होता. हे ऐटीत पुढे झाले.

"क्वार्टर किसके नाम पर है?"

ह्यांची मान खाली गेली. हे रिटायर झाले तेव्हाच क्वार्टर सोडावं लागणार होतं. मी कारखान्याच्या शाळेत अजून शिकवते, म्हणून ते राहिलं.

"मेरे नाम पर," मी म्हणाले.

"और ये साहब?"

"गेस्ट."