लावून बघा

आईच्या कुलपांच्या दुकानात एकच नियम होता: गिऱ्हाइकाने कुलूप लावून, उघडून पाहिल्याशिवाय न्यायचं नाही. लेकीच्या नव्या लॅपटॉपमधलं चोरीविरोधी कुलूपही तिने सेटिंगमधून सुरू करायला लावलं, तपासूनही घेतलं होतं. तोच लॅपटॉप प्रबंधासकट चोरीला गेला. लेकीने आईच्या फोनवरून 'हरवला' अशी नोंद केली. "चोराने इंटरनेट जोडलं की त्याला कुलूप लागेल, आई. स्क्रीनवर काय लिहू?" आईने आपल्या ठसक्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कुरकुरत होतं, "बांधून द्या हो, तपासायचं काय त्यात?" तेवढ्यात फोन वाजला. आईने स्पीकर लावला. "मावशी, दुरुस्तीवाला बोलतोय. एकाने आणून दिलेला लॅपटॉप उघडेना, आतलं काही पुसूही देईना. स्क्रीनवर लिहिलंय, 'मेल्या, कुलूप माझं आहे. मुकाट्याने या नंबरवर फोन कर.' वाचताच तो पळाला, लॅपटॉप इथंच!" गिऱ्हाइकाने निमूटपणे किल्ली फिरवून पाहिली.